खगोलीय सर्वेक्षण विदा

खगोलीय सर्वेक्षण विदा म्हणजे आकाशाच्या विस्तृत भागाची एका ठरावीक पद्धतीने निरीक्षणे करून तयार केलेला नोंदसंग्रह होय. त्यात आकाशाच्या प्रतिमा, तारे व दीर्घिका यांच्या सूची, वर्णपट आणि काळानुसार बदलणाऱ्या तेजस्वितेच्या नोंदी यांचा समावेश होतो. असे बहुतेक मोठे संग्रह आता आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. संशोधक, शिक्षक आणि विद्यार्थी ठरावीक साधनांच्या मदतीने त्यांतून हवी ती माहिती निवडून तिचे विश्लेषण करू शकतात.

एखाद्या विशिष्ट ताऱ्याचा किंवा दीर्घिकेचा अभ्यास करण्यासाठी घेतलेले निरीक्षण त्या प्रश्नापुरते मर्यादित असते. सर्वेक्षणात मात्र जे जे दिसेल ते सर्व नोंदवले जाते. त्यामुळे निरीक्षकांच्या मनातही नसलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच नोंदींतून पुढे अनेक वर्षांनी मिळू शकतात. महाराष्ट्रात पुणे येथील आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या संस्थांनी अशा संग्रहांच्या निर्मितीत व वापरात महत्त्वाचे काम केले आहे. त्याआधी, आजचा धाराशिव जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाच्या वेधशाळेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका आंतरराष्ट्रीय आकाश सर्वेक्षणात भाग घेतला होता.

## स्वरूप

सर्वेक्षण विदेचे साधारणपणे तीन स्तर असतात. पहिला स्तर म्हणजे दुर्बिणीवरील उपकरणाने टिपलेली मूळ नोंद. दुसऱ्या स्तरात उपकरणाचे दोष, वातावरणाचा परिणाम व पार्श्वभूमीचा प्रकाश वजा करून शुद्ध केलेल्या प्रतिमा व वर्णपट येतात. तिसऱ्या स्तरात या प्रतिमांतून मोजून काढलेल्या राशींची सूची असते. सूचीतील प्रत्येक ओळ एका खगोलीय वस्तूची असून प्रत्येक स्तंभात तिचा एक गुणधर्म दिलेला असतो. विषुवांश, क्रांती, निरनिराळ्या रंगांतील दृश्यप्रत, निजगती, पराशय आणि ताम्रसृती हे नेहमी आढळणारे स्तंभ होत. प्रत्येक मोजमापासोबत त्यातील संभाव्य त्रुटीही दिलेली असते. त्रुटीचा स्तंभ वगळून केलेले विश्लेषण विश्वसनीय मानले जात नाही.

प्रतिमा व वर्णपट साठवण्यासाठी 'फिट्स' या नावाची धारिका पद्धत वापरली जाते. तिची रचना १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. या धारिकेच्या प्रारंभीच निरीक्षणाची तारीख, दुर्बीण, उपकरण आणि आकाशातील स्थान यांची वाचता येण्याजोगी माहिती असते. त्यामुळे धारिका मूळ ठिकाणापासून दूर गेली तरी तिचा अर्थ हरवत नाही.

## इतिहास

### काचेच्या प्लेटचा काळ

संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रकल्प १८८७ मध्ये पॅरिस येथील परिषदेत ठरला. 'कार्त द्यु सिएल' म्हणजे आकाशाचा नकाशा या नावाने तो ओळखला जातो. आकाशाचे क्रांतीनुसार पट्टे पाडून ते जगभरातील वेधशाळांना वाटून देण्यात आले. सुमारे अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची स्थाने काचेच्या छायाचित्रण प्लेटवर मोजून त्यांची सूची छापणे हे या वेधशाळांचे काम होते.

हैदराबाद येथील निजामिया वेधशाळा ही नवाब जफर जंग या सरदाराच्या खासगी वेधशाळेतून निर्माण झाली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. मुळात चिलीतील सांतियागो वेधशाळेकडे सोपवलेला उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा पट्टा पुढे हैदराबादकडे आला. आर्थर चॅटवुड, रॉबर्ट पोकॉक आणि टी. पी. भास्करन या संचालकांच्या काळात या कामाची उभारणी, छायाचित्रण व मोजणी झाली. नंतर पॉट्सडॅम वेधशाळेच्या वाट्याच्या उत्तरेकडील पट्ट्यापैकी अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा भागही हैदराबादने पूर्ण केला. या कामाची सूची १२ खंडांत प्रसिद्ध झाली आणि तिच्यात साडेसात लाखांहून अधिक नोंदी आहेत. १९१९ मध्ये ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे देण्यात आली.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. तो १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हैदराबादच्या प्लेटवरील दक्षिणेकडचा पट्टा धाराशिवहूनही सहज दिसतो. मध्यमंडलावर, म्हणजे उत्तर व दक्षिण दिशांना जोडणाऱ्या रेषेवर, येताना त्यातील तारे दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंचीवर असतात.

या प्रकल्पातील छापील सूची अनेक दशके फारशा वापरल्या गेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने सर्व पट्ट्यांच्या नोंदी संगणकावर आणून एकत्र केल्या. 'एसी २०००' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या सूचीत सुमारे ४६ लाख तारे आहेत. युरोपच्या हिपार्कस उपग्रहाने मोजलेल्या स्थानांची या जुन्या स्थानांशी तुलना करून २००० साली 'टायको-२' ही सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगतींची सूची तयार झाली. निजगती काढण्यासाठी दोन निरीक्षणांमधील काळ जितका मोठा तितका चांगला. जुन्या प्लेटवरील स्थानात पाव विकलेची त्रुटी असली, तरी शंभर वर्षांच्या अंतराने ती वर्षाला केवळ अडीच सहस्रांश विकला इतकीच उरते. त्यामुळे नकाशासाठी केलेल्या कामाचे खरे मूल्य ताऱ्यांची गती शोधताना प्रत्ययास आले. या सूची आज आंतरजालावर कोणालाही पाहता येतात.

### अंकीय सर्वेक्षणे

१९४९ ते १९५८ या काळात कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेने उत्तर आकाशाचे छायाचित्रण केले. या व नंतरच्या प्लेटचे अंकीय रूपांतर 'अंकीकृत आकाश सर्वेक्षण' म्हणून उपलब्ध आहे. २००० साली न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट येथील २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने 'स्लोन अंकीय आकाश सर्वेक्षण' सुरू केले. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय यांनी या सर्वेक्षणाची सूची विचारणाक्षम विदागाराच्या स्वरूपात मांडली. 'स्कायसर्व्हर' या संकेतस्थळामुळे २००१ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. धारिका उतरवून घेण्याऐवजी प्रश्न विदेकडे पाठवायचा आणि फक्त उत्तर परत घ्यायचे, ही पद्धत त्यामुळे खगोलशास्त्रात रूढ झाली.

युरोपीय अवकाश संस्थेचा गाया उपग्रह डिसेंबर २०१३ मध्ये सोडण्यात आला व त्याने जानेवारी २०२५ पर्यंत निरीक्षणे केली. जून २०२२ मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या तिसऱ्या विदासंचात सुमारे १८१ कोटी वस्तूंची नोंद आहे. चिलीतील ८.४ मीटर व्यासाच्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपल्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. दक्षिण आकाशाचे दहा वर्षे पुनःपुन्हा चित्रण करण्याची तिची योजना आहे.

### आभासी वेधशाळा

निरनिराळ्या संस्थांचे संग्रह वेगवेगळ्या रचनेत असल्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना करणे अवघड होते. यावर उपाय म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघ स्थापन झाला. हा संघ स्वतः कोणतीही दुर्बीण चालवत नाही. विदा कशी वर्णावी, कशी मागावी व कशी पाठवावी याचे समान नियम तो ठरवतो. भारतात आयुका आणि पुण्यातील पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या सहकार्याने 'आभासी वेधशाळा – भारत' हा प्रकल्प उभा राहिला. खगोलशास्त्रज्ञ अजित केंभावी यांनी त्याचे नेतृत्व केले. सूचीतील स्तंभांचे आलेख काढणारे 'व्हीओप्लॉट' हे सॉफ्टवेअर या प्रकल्पाने तयार केले. संघाच्या बैठका २००४ आणि २०११ मध्ये पुण्यात झाल्या.

## महाराष्ट्रातील संस्था व संग्रह

### आयुका

जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुकाचा मुख्य हेतू विद्यापीठांमधील शिक्षक व विद्यार्थ्यांना संशोधनाच्या सुविधा पुरवणे हा आहे. लहान शहरांतील महाविद्यालयांकडे मोठी दुर्बीण नसते. मात्र संग्रहित विदा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते. या दृष्टीने आयुकाने विदा केंद्र चालवले आणि स्ट्रासबर्ग येथील 'विझियर' या सूचीसंग्रहाची प्रतिकृती पुण्यात ठेवली. पुणे–नाशिक मार्गाजवळील गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीणही आहे.

### जीएमआरटी व टीजीएसएस

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे 'महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण' अर्थात जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. या दुर्बिणीच्या निरीक्षणांवर प्रथम ती मागणाऱ्या संशोधकांचा ठरावीक मुदतीपर्यंत हक्क असतो. त्यानंतर ती निरीक्षणे ऑनलाइन संग्रहात सर्वांसाठी खुली होतात.

२०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर आकाशाचे सर्वेक्षण केले. ते 'टीजीएसएस' या नावाने ओळखले जाते. ही मूळ निरीक्षणे संग्रहात खुली असल्यामुळे ह्यूब इंटेमा व सहकाऱ्यांच्या स्वतंत्र गटाने नव्या पद्धतीने त्यांवर पुन्हा प्रक्रिया केली आणि २०१६–१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या विदासंचात उणे ५३ अंश क्रांतीच्या उत्तरेकडील ३६,९०० चौरस अंश, म्हणजे एकूण आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग येतो. त्यात सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची सूची आहे. धाराशिव खोडदपासून सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर अंतरावर व जवळपास त्याच अक्षांशावर असल्यामुळे टीजीएसएसने व्यापलेले सर्व आकाश धाराशिवच्या क्षितिजावरही येते.

## विदा मिळवण्याची साधने

नेहमी वापरली जाणारी प्रमुख साधने पुढीलप्रमाणे आहेत.

* सिम्बाड – स्ट्रासबर्ग येथील खगोलीय विदा केंद्राचे विदागार. एखाद्या वस्तूचे नाव दिल्यास तिचे स्थान, प्रकार, पर्यायी नावे व तिच्यावरील शोधनिबंधांची यादी मिळते.
* विझियर – प्रसिद्ध झालेल्या हजारो खगोलीय सूचींचा संग्रह. जुन्या प्लेटवरून बनलेली 'एसी २०००' आणि आधुनिक गाया या दोन्ही सूची येथे एकाच पद्धतीने पाहता येतात.
* अलादिन – आकाशाचा परस्परसंवादी नकाशा. दृश्य, अवरक्त, क्ष-किरण व रेडिओ प्रतिमा एकावर एक ठेवून पाहता येतात. याची हलकी आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते.
* स्कायसर्व्हर – स्लोन सर्वेक्षणाच्या प्रतिमा, वर्णपट व सूचींसाठी.
* गाया संग्रह – ताऱ्यांची स्थाने, पराशय व निजगती यांसाठी.
* टॉपकॅट – मोठ्या सूची उघडणे, दोन सूचींची जुळणी करणे व आलेख काढणे यांसाठीचे विनामूल्य सॉफ्टवेअर.
* अ‍ॅस्ट्रोपाय – पायथन या संगणकभाषेतील मुक्त आज्ञावलींचा संच. वारंवार करावे लागणारे काम याने स्वयंचलित करता येते.

मोठ्या विदागारांना प्रश्न विचारण्यासाठी 'एसक्यूएल' किंवा तिचे खगोलशास्त्रीय रूप असलेली 'एडीक्यूएल' ही विचारणाभाषा वापरली जाते. विचारणेचे तीन भाग असतात: कोणते स्तंभ हवेत, ते कोणत्या सूचीतून घ्यायचे आणि कोणत्या अटी पाळणाऱ्या ओळी निवडायच्या. विचारणा दूरच्या सर्व्हरवर चालते आणि वापरकर्त्याकडे फक्त निवडलेल्या ओळी येतात. यामुळे साधा संगणक व मर्यादित वेगाची जोडणी असलेल्या ठिकाणीही अब्जावधी नोंदींच्या संग्रहावर काम करता येते.

## विश्लेषणाची पद्धत: कृत्तिकेचे उदाहरण

कृत्तिका हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारकागुच्छ आहे. त्याची क्रांती सुमारे अधिक २४ अंश आणि धाराशिवचा अक्षांश सुमारे १८.२ अंश उत्तर आहे. त्यामुळे मध्यमंडलावर येताना हा गुच्छ धाराशिवच्या जवळजवळ डोक्यावर, म्हणजे सुमारे ८४ अंश उंचीवर असतो. गाया संग्रहातून त्याचे अंतर पुढील टप्प्यांनी काढता येते.

# क्षेत्र ठरवणे – विषुवांश ५६.७५ अंश आणि क्रांती अधिक २४.१२ अंश हा मध्य धरून २ अंश त्रिज्येच्या वर्तुळातील तारे मागवले जातात. या क्षेत्रात गुच्छातील ताऱ्यांबरोबरच त्यांच्या पुढचे व मागचे असंख्य असंबंधित तारेही येतात.
# गुणवत्तेची अट – पराशयाचे मूल्य त्याच्या त्रुटीच्या किमान दहापट आहे असेच तारे ठेवले जातात.
# निजगतीचा आलेख – विषुवांश व क्रांती या दोन दिशांतील निजगती दोन अक्षांवर मांडल्यास बहुतेक तारे शून्याभोवती विखुरलेले दिसतात. मात्र विषुवांशाच्या दिशेत वर्षाला सुमारे अधिक २० आणि क्रांतीच्या दिशेत सुमारे उणे ४५ सहस्रांश विकला येथे एक वेगळा पुंजका दिसतो. एकत्र जन्मलेले व एकत्र प्रवास करणारे हे कृत्तिकेचे तारे होत.
# अंतर – या पुंजक्यातील ताऱ्यांचे पराशय सुमारे ७.४ सहस्रांश विकला या मूल्याभोवती असतात. १००० ला ७.४ ने भागल्यास सुमारे १३५ पार्सेक, म्हणजे सुमारे ४४० प्रकाशवर्षे, हे अंतर मिळते.
# पडताळणी – निवडलेल्या ताऱ्यांचा रंग व दृश्यप्रत यांचा आलेख काढल्यास ते एका अरुंद पट्ट्यात येतात. या पट्ट्याला मुख्य श्रेणी म्हणतात. पट्ट्यापासून फार दूर असलेले तारे गुच्छाचे नसण्याची शक्यता असते.

तिसऱ्या टप्प्यापर्यंत अंतराविषयी कोणतेही गृहीत धरलेले नाही. गतीवरून निवडलेल्या ताऱ्यांचे पराशयही एकसारखे निघणे हा निवड बरोबर असल्याचा स्वतंत्र पुरावा ठरतो.

कृत्तिकेचे अंतर हा एके काळी वादाचा विषय होता. हिपार्कस उपग्रहाच्या विदेतून ते सुमारे १२० पार्सेक निघाले होते, तर इतर पद्धतींनी ते १३३ ते १३६ पार्सेक येत होते. फरक लहान वाटला तरी तो खरा ठरला असता, तर ताऱ्यांच्या रचनेविषयीच्या प्रस्थापित सिद्धान्तात बदल करावा लागला असता. २०१४ मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या मोजणीत सुमारे १३६ पार्सेक हे अंतर मिळाले. पुढे गायाच्या विदेनेही त्याला दुजोरा दिला. प्रतिष्ठित संग्रहातील मोजमापही स्वतंत्र पद्धतीने तपासून पाहावे लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

## संग्रहित विदेतून लागलेले शोध

सरस्वती महासमूह – आयुका आणि सहयोगी संस्थांतील खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधला व त्यास सरस्वती हे नाव दिले. त्यासाठी स्लोन सर्वेक्षणाची खुली विदा वापरण्यात आली. हा महासमूह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. त्यात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत. प्रतिमेत एका दिशेला दिसणाऱ्या दीर्घिका प्रत्यक्षात वेगवेगळ्या अंतरांवर असू शकतात. वर्णपटातून मिळालेल्या ताम्रसृतींमुळेच त्या एकाच रचनेचा भाग असल्याचे कळले.

दूरस्थ रेडिओ दीर्घिका – टीजीएसएसच्या सूचीतून विशिष्ट प्रकारच्या रेडिओ वर्णपटाचे स्रोत निवडून २०१८ मध्ये ५.७२ ताम्रसृतीची एक रेडिओ दीर्घिका शोधण्यात आली. त्या वेळी ती ज्ञात रेडिओ दीर्घिकांमध्ये सर्वांत दूरची होती.

अलकनंदा – राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या सर्वेक्षण विदेतून अलकनंदा ही सर्पिल दीर्घिका ओळखली. हा शोध २०२५ मध्ये जाहीर झाला. महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांनी इतकी सुघटित सर्पिल रचना आढळल्यामुळे दीर्घिका किती लवकर आकाराला येतात, या प्रश्नाला नवे महत्त्व आले.

नागरिक विज्ञान – २००७ मध्ये सुरू झालेल्या 'गॅलक्सी झू' प्रकल्पात स्लोन सर्वेक्षणातील दीर्घिकांचे आकार ओळखण्याचे काम सर्वसामान्यांनी केले. त्यात हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एक अनोखा तेजस्वी वायुमेघ आढळला. भारतात २०१३ मध्ये आनंद होता यांनी सुरू केलेल्या 'रॅड@होम' उपक्रमात विद्यार्थी व हौशी अभ्यासकांना टीजीएसएससारख्या सर्वेक्षणांच्या रेडिओ प्रतिमा वाचण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

## त्रुटी व मर्यादा

* निवडीचा परिणाम – ठरावीक तेजस्वितेपेक्षा मंद वस्तू सर्वेक्षणात येत नाहीत. त्यामुळे दूरच्या अंतरावर फक्त तेजस्वी वस्तू दिसतात आणि दूरच्या दीर्घिका सरासरीने अधिक तेजस्वी आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. सूचीत नोंद नसणे म्हणजे आकाशात वस्तू नसणे नव्हे.
* पद्धतशीर त्रुटी – टीजीएसएसमधील स्रोतांच्या वितरणात आकाशाच्या मोठ्या भागांवर दिसलेली असमानता विश्वाच्या रचनेमुळे नसून तीव्रतेच्या अंशांकनातील प्रदेशानुसार फरकामुळे असल्याचे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. मोजमापांची संख्या वाढवून अशी त्रुटी कमी होत नाही.
* काळाचा फरक – दोन सूचींची जुळणी करताना त्या कोणत्या वर्षाच्या आहेत हे पाहावे लागते. कृत्तिकेचे तारे शंभर वर्षांत सुमारे ५ विकला सरकतात. १९२० च्या आसपासची प्लेट आणि २०१६ या संदर्भवर्षाची गाया सूची केवळ स्थानावरून जुळवल्यास जलद सरकणाऱ्या ताऱ्याची जोडी चुकीची लागू शकते.
* पराशयाचा व्यस्त – पराशयातील त्रुटी मोठी असल्यास त्याचा थेट व्यस्त घेऊन काढलेले अंतर भ्रामक ठरते. काही मंद ताऱ्यांचे मोजलेले पराशय ऋणही असते. अशा नोंदी चुकीच्या नसतात, पण त्यांतून साध्या सूत्राने अंतर मिळत नाही.
* भाषा – बहुतेक विदागारांची संकेतस्थळे, स्तंभांची वर्णने व मार्गदर्शिका इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना विदा खुली असूनही ती समजण्यात अडथळा येतो.

संग्रहातील विदा वापरून निष्कर्ष प्रसिद्ध करताना सर्वेक्षणाचे नाव, विदासंचाची आवृत्ती आणि वापरलेली विचारणा नमूद करणे अपेक्षित असते. आवृत्ती बदलली की मोजमापेही सुधारली जातात. त्यामुळे आवृत्ती न सांगितलेला निष्कर्ष दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही.

## शिक्षणातील उपयोग

प्रत्यक्ष आकाशदर्शनाला ऋतूंची मर्यादा असते. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे निरीक्षणे खंडित होतात. शैक्षणिक वर्षाचा पहिला भाग नेमका याच काळात येतो. संग्रहित विदेवरील प्रात्यक्षिके मात्र वर्षभर करता येतात. त्यांसाठी दुर्बीण लागत नाही. धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. अशा केंद्रांत आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, गणित व संख्याशास्त्र या विषयांच्या अभ्यासाला पूरक म्हणून पुढील प्रात्यक्षिके करण्याजोगी आहेत.

* खेकडा अभ्रिका – १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचा हा अवशेष धाराशिवच्या खस्वस्तिकापासून सुमारे ४ अंशांवरून जातो. अलादिनमध्ये त्याची दृश्य प्रतिमा व टीजीएसएसची रेडिओ प्रतिमा शेजारी ठेवून दोन्हींतील फरक तपासता येतो.
* कृत्तिकेचे अंतर – वर दिलेल्या पद्धतीने. यात सरासरी, त्रुटी व विखुरणी या संख्याशास्त्रीय संकल्पनांचा सराव होतो.
* विश्वाचे प्रसरण – स्कायसर्व्हरवरून दीर्घिकांच्या ताम्रसृती घेऊन त्यांचा दूर जाण्याचा वेग काढता येतो. ताम्रसृती ०.०२ असलेल्या दीर्घिकेचा वेग सेकंदाला सुमारे ६,००० किलोमीटर येतो. हबल स्थिरांक ७० धरल्यास तिचे अंतर सुमारे २८ कोटी प्रकाशवर्षे होते.
* शतकाची निजगती – विझियरवरील 'एसी २०००' सूचीतून उणे १७ ते उणे २३ अंशांच्या पट्ट्यातील, म्हणजे हैदराबादच्या प्लेटवर मोजलेला, एखादा तारा निवडून त्याचे गाया सूचीतील स्थान पाहता येते. दोन स्थानांतील फरकाला मधल्या वर्षांच्या संख्येने भागल्यास त्या ताऱ्याची निजगती मिळते. हे उत्तर गायाने स्वतंत्रपणे दिलेल्या निजगतीशी ताडून पाहता येते.

## हेही पहा

* आयुका
* जीएमआरटी
* निजामिया वेधशाळा
* जयंत नारळीकर
* गोविंद स्वरूप
* कृत्तिका
* सरस्वती महासमूह
* ताम्रसृती
* पराशय